रेघ कुठे थांबवायची

आठवीच्या वर्षी मी एका बुंध्याचं पेन्सिलचित्र तीन आठवडे काढत होते. त्यावर रंगाचा पहिला हात फिरवला आणि दहा मिनिटांत ते चित्र गेलं. शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहायला बसले, तेव्हा सर्वांत आधी ती दहा मिनिटंच आठवली.

तो बुंधा मैदानाच्या कडेला होता. झाड आम्ही शाळेत येण्याआधीच केव्हातरी तोडलेलं. साल निम्मी सुटलेली, मधे हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा, एका अंगाला शेवाळ आणि वरच्या कापावर वर्षांची वर्तुळं. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर मी त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे. सालीची एकेक खपली काढायची, तिच्या खालची सावली काढायची, मग शेजारची खपली. शेडिंग हा माझा आनंद होता. कागदाचा एक बोटभर तुकडा भरायला तास लागला तरी चालायचं. भेगा जितक्या काळ्या तितकं चित्र खरं, अशी माझी समजूत होती. म्हणून ६बी ही मऊ, काळीभोर पेन्सिल दाबून दाबून भेगांत भरली आणि सावलीची सगळी बाजू बोटाने घासून गुळगुळीत केली.

मग त्यावर रंग. ब्रश ओला करून तपकिरी रंग फिरवला तशी घासलेली भुकटी पाण्याबरोबर उठली आणि सगळीकडे पसरली. तपकिरी रंग राखेसारखा झाला. शेवाळाजवळ उजेड पडला होता तिथे पिवळा लावला, तर काळ्या भुकटीत मिसळून त्याचा मळकट हिरवा झाला. ६बीच्या दाट काळ्यावर रंग धड बसेचना. तिथे एक चकाकी होती, ती रंगातूनही चमकत राहिली. घाबरून मी तिथे दुसरा हात दिला, मग तिसरा. कागद पातळ होता, त्याला पोक आला आणि त्या खळग्यांत गढूळ पाणी साचलं.

आमचे चित्रकलेचे सर मागे येऊन उभे होते. त्यांनी चित्र उचललं नाही की नावं ठेवली नाहीत. विचारलं, “सावली कोणी काढली?”

“मीच काढली, सर.”

“ती पेन्सिलनेच पुरी केलीस ना? मग रंगाला तू काय काम ठेवलंस?”

मला उत्तर सुचलं नाही. पुढची कितीतरी वर्षं मी जे शिकत आले, ते या प्रश्नाचं उत्तर आहे. बारीक पेन्सिलकाम आणि जलरंगाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा पसरट हात, एकाच कागदावर आणायचे, तर दोघांनी एकच गोष्ट सांगून चालत नाही. सालीचा खरखरीतपणा रेघ सांगेल. बुंधा गोल आहे, त्याच्यावर उजेड कुठून येतो, सावली कुठे गार आहे, हे वॉशने सांगायचं. दोघांनी सावलीच सांगायला घेतली की कागदावर नुसता काळोख होतो.

दुसऱ्या तासाला सरांनी आम्हाला चित्र काढू दिलं नाही. जाड कागदाची एक लांब पट्टी दिली आणि तिच्यावर २एच, एचबी, २बी, ४बी, ६बी अशा कठीणपासून मऊपर्यंतच्या पेन्सिलींचे पट्टे भरायला लावले. प्रत्येक पट्ट्याचा अर्धा भाग बोटाने घासायचा आणि मग सगळ्यांवरून पिवळ्या रंगाचा एकच पातळ वॉश ओढायचा. ती पट्टी मी अजून जपून ठेवली आहे. २एच आणि एचबीच्या रेघा जागच्या जागी राहिल्या आणि वरचा पिवळा पिवळाच राहिला. २बी थोडी हलली. ४बीपासून पुढे रंग मळत गेला, आणि घासलेल्या भागात तर सगळ्यात जास्त. पुस्तकातली दहा पानं वाचून जे कळलं नसतं, ते त्या एका पट्टीने दाखवलं. आज माझ्याकडे कोणी शिकायला आलं तर मीही आधी पट्टीच करायला लावते.

असं का होतं, तेही सरांनी सांगितलं. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं अजिबात नसतं, असतं ते ग्राफाइट. इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल इथे सोळाव्या शतकात फार शुद्ध ग्राफाइट सापडलं आणि लोक त्याच्या कांड्या कापून वापरू लागले. पुढे इंग्लंड आणि फ्रान्सचं युद्ध सुरू झालं, फ्रान्सला तो माल मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून, भाजून कांडी बनवली. १७९५ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तर कांडी कठीण, ग्राफाइट जास्त तर मऊ आणि काळी. मऊ पेन्सिल कागदावर सुटी भुकटी जास्त सोडते आणि ब्रश लागला की तीच भुकटी उठते. हे ऐकल्यावर माझ्या ६बीचा गुन्हा मला कळला. पण सरांनी लगेच दुसरी बाजूही दाखवली. फार कठीण पेन्सिल दाबून ओढली तर कागदात चर पडतो, वॉश दिला की त्या चरात रंग जाऊन बसतो आणि आपल्याला फिकी हवी असलेली रेघ नेमकी गडद होते. म्हणून एचबी किंवा फार तर २एच, टोक अणकुचीदार आणि हात हलका.

खोडरबरावर सरांची करडी नजर असे. जलरंगाच्या कागदाला सरसाचा हात दिलेला असतो, त्यामुळे पाणी काही वेळ वर राहतं आणि आपल्याला रंग पसरवता येतो. रबर रगडला की तो थर निघतो. कागद डोळ्यांना चांगला दिसतो, पण वॉश दिला की तेवढ्याच जागी रंग आत शोषला जाऊन डाग उमटतो. मी एका आभाळात असा डाग पाडला होता, बरोबर रबराच्या आकाराचा. सर मळलेल्या कणकेसारखा मऊ रबर वापरायचे, घासायचे नाहीत, नुसता टेकवून भुकटी उचलून घ्यायचे. मांडणीची खाडाखोड वेगळ्या साध्या कागदावर करायची आणि पक्की झालेली रेघच चांगल्या कागदावर उतरवायची, ही सवय मला तिथे लागली.

आणि रबराबद्दलची आणखी एक गोष्ट, जी मला फार आवडते. जलरंगात डिंक असतो. रेघेवरून वॉश जाऊन वाळला की डिंकाचा पातळ पापुद्रा तिच्यावर बसतो, आणि मग ती रेघ रबराने सहसा निघत नाही. म्हणजे रंग देण्याआधीचा क्षण हा रेघेबद्दल मत बदलण्याचा शेवटचा क्षण. सर म्हणत, “आता एकदा लांबून बघ. नको असलेलं आत्ताच काढ.” वर्गात त्या वेळी अगदी शांतता व्हायची.

कागदाचं थोडक्यात सांगते. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद असेल तर वॉशला फारसा पोक येत नाही. पातळ असेल तर तो भिजवून, बोर्डवर पसरून, चारी कडा डिंकपट्टीने चिकटवून वाळू द्यायचा. वाळताना तो आवळतो आणि पुढे पाणी पडलं तरी सपाट राहतो. फार दाणेदार कागदावर बारीक रेघ तुटते, अगदी गुळगुळीत कागदावर वॉशला पटकन काठ पडतात. मधल्या पोताचा कागद दोघांनाही सांभाळून घेतो.

वॉश शिकायला मात्र मला एक अख्खं वर्ष लागलं. रंग वाटीत भरपूर कालवून ठेवायचा, कारण मधेच संपला तर तोच रंग परत जुळत नाही. बोर्ड थोडा तिरका. वरून सुरुवात केली की रंगाच्या खालच्या काठाला पाण्याचा एक फुगीर थेंब लोंबतो. त्या थेंबाला मोडू न देता ब्रशच्या एकेका आडव्या फेऱ्याने खाली उतरवत न्यायचं आणि शेवटी ब्रश पिळून तो टिपून घ्यायचा. ओल्यात परत ब्रश घातला की फुलकोबीसारखे डाग पडतात. वाळल्यावर रंग फिका होतो, म्हणून ओला असताना थोडा गडद वाटला पाहिजे. आणि वाळला की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. हाताची मागची बाजू कागदाजवळ न्यायची, गार लागला तर आत अजून ओल आहे. थांबायला लावणारी इतकी कामं मी त्याआधी केली नव्हती. पेन्सिल धरली की मी तासन्तास चालवत राहायचे, वॉशने मला हात मांडीवर ठेवून बसायला लावलं.

त्या वाट बघण्याच्या वेळात सर गोष्टी सांगत. त्यातली एक मला पुढेही बरोबर राहिली. १७९०च्या दशकात लंडनला डॉ. थॉमस मन्रो यांच्या घरी संध्याकाळी तरुण चित्रकार जमत आणि दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला करत. तिथे टॉमस गर्टिन आणि विल्यम टर्नर हे दोघे येत. दोघेही १७७५चे, म्हणजे तेव्हा जेमतेम विशीतले. गर्टिन पेन्सिलने बाह्यरेषा काढायचा आणि टर्नर त्यावर वॉश द्यायचा. कागद एक, हात दोन. सरांनी हे सांगितलं आणि आम्हाला जोड्या लावून तेच करायला दिलं. माझी रेघ, माझ्या मैत्रिणीचा वॉश. तिला काहीतरी करायला उरलं पाहिजे म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा सावली मोकळी सोडली. खपल्यांच्या कडा काढल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. रंगाला काम ठेवणं म्हणजे काय, हे मला त्या तासाला उमगलं. गर्टिन १८०२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला, हे सरांनी आम्हाला चित्रं पुरी झाल्यावर सांगितलं.

सरांच्या एका नियमाशी मात्र मी आज सहमत नाही. ते म्हणत, पेन्सिलचं काम आधी संपवा, मग रंग. सुरुवातीला हे बरोबरच आहे. पण पुढे फ्रेंच चित्रकार सेझानची जलरंगातली चित्रं पाहिली तेव्हा दिसलं की त्याच्याकडे रेघ आणि रंग आळीपाळीने येतात. एकाच कडेला दोन-तीन रेघा, त्यांच्यामधून वाहणारे पारदर्शक रंगाचे तुकडे, आणि बराचसा कागद कोरा. रेघेचं काम तिथे रंगाआधी संपत नाही. शिल्पकार रोदँच्या उतारवयातल्या रेखाटनांत आणखी वेगळं, पेन्सिलची एक धावती बाह्यरेषा आणि तिच्या बाहेरही सांडणारा एकच सपाट वॉश. दोन्ही पाहून माझा हात सुटला. आता मी वॉश पुरता वाळल्यावर पुन्हा २बी हातात घेते. वाळलेल्या रंगावर पेन्सिल छान धरते आणि मोजक्या पाच-सहा भेगा तेव्हा गडद केल्या तर त्या मळत नाहीत, कारण वर आणखी पाणी येणार नसतं. मऊ पेन्सिलीची जागा शेवटी आहे, हे सरांना सांगायचं राहून गेलं.

आज मी वनस्पतींची चित्रं काढते. शेंगा, बिया, सुकलेली पानं. तिथे प्रत्येक शीर मोजून काढावी लागते आणि तरी पान जिवंत दिसावं लागतं. शिरा रेघेच्या, पानाचा बाक वॉशचा. रोज सकाळी कागद समोर घेतला की सरांचा तोच प्रश्न मी स्वतःला विचारते.

बुंध्याचं चित्र मी नववीत पुन्हा काढलं. या वेळी तपशील फक्त डावीकडे ठेवला, जिथे साल सुटली होती आणि ऊन तिरकं पडत होतं. उजवीकडे सरकताना रेघा विरळ केल्या. सावलीसाठी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून करडा रंग केला. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसले आणि मी एकही रेघ न मारता सालीला खरखरीतपणा आला. मी थक्क होऊन बघत राहिले. शेवाळ म्हणजे फक्त कागदाचा उजेड आणि त्यावर हिरवट पिवळ्याचा एक हलका हात, या वेळी स्वच्छ.

ते चित्र माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे. बुंध्याच्या उजव्या कडेपासून थोडं आत, सावलीच्या वॉशखाली, एक बारीक फुली आहे. रंग द्यायच्या आधी सर आले होते, माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी ती फुली मारली आणि म्हणाले, “रेघ इथे थांबव.” वॉश देण्यापूर्वी मी ती पुसायला विसरले.