एस्टोनियाच्या स्पेशल फोर्सेसचा २०३५ चा प्लॅन: माझ्या डेझर्टेशनचा अनुभव

डिफेन्स स्टडीजच्या एमएला शेवटच्या सेमिस्टरला डेझर्टेशन असतं. वर्गात निम्म्यांनी चीन घेतलं, उरलेल्यांनी पाकिस्तान, आणि मी एस्टोनिया. विषय असा की एखाद्या लहान देशाने आपल्या स्पेशल फोर्सेसचं पुढच्या दहा वर्षांचं प्लॅनिंग कसं करावं, म्हणजे २०३५ ला त्या कशा असाव्यात. ज्युनियर्स सारखं विचारतात हे केलंस कसं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

एस्टोनियाच का? तर आकारामुळे. देश साधारण हरियाणाएवढा, त्यातला निम्म्याहून जास्त भाग जंगल आणि लोकसंख्या पावणेचौदा लाखांच्या आसपास. आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेचीच २०११ च्या जनगणनेत सव्वासतरा लाख होती! शेजारी रशिया, स्वतःचं एकही लढाऊ विमान नाही, आकाशावर पहारा ठेवायला नाटोचे बाकीचे देश आळीपाळीने ॲमारी तळावर विमानं पाठवतात. आणि दुसरं प्रॅक्टिकल कारण म्हणजे त्यांचे संरक्षण मंत्रालयाचे बरेचसे कागद इंग्रजीत मिळतात, परदेशी गुप्तचर खातं तर दरवर्षी इंग्रजीत रिपोर्ट काढतं. भाषा येत नसताना ही फार मोठी सोय.

अडचण गाईड सरांसोबतच्या पहिल्याच मीटिंगला आली. त्यांच्या स्पेशल फोर्सेसमध्ये (नाव एस्टसॉफ, २००८ पासून) किती लोक आहेत ते एस्टोनिया सांगत नाही. सर म्हणाले, आकडाच नाही तर प्लॅनिंग कशाचं करणार? प्रश्न बरोबर होता. मग मी उलट्या बाजूने गेले, आत्ता किती आहेत ते सोडून द्यायचं आणि दरवर्षी किती मिळू शकतात ते बघायचं.

तिथे सक्तीची लष्करी सेवा आहे, वर्षाला साधारण साडेतीन ते चार हजार पोरं येतात. आता धरून चाला की शंभरातल्या दोघांना स्पेशल फोर्सेसमध्ये जायचंय, म्हणजे ऐंशी. त्यातला चौथा भाग सिलेक्शनमधून निघाला तर वीस. जुन्यांपैकी काही वयामुळे, काही गुडघे-पाठ गेल्यामुळे, काही बायको कंटाळली म्हणून दरवर्षी बाहेर पडणार, ते पंधरा धरले तर हातात उरले पाच. एका टीमला दहा-बारा लोक लागतात, म्हणजे एक नवीन टीम उभी करायला दोन वर्षं! हे टक्के माझे गृहीत धरलेले आहेत आणि डेझर्टेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, पण तुम्ही उरणारे पाचाऐवजी दहा धरून बघा, तरी वर्षाला जेमतेम एकच टीम. कोणीतरी सहज म्हणतं ना, एक ड्रोनची टीम वाढवा, एक समुद्राची वाढवा, एक सायबरची, तर ती माणसं दुसऱ्या कुठल्यातरी टीममधूनच उचलावी लागतात.

त्यात वेळेचं गणित वेगळंच. सिलेक्शन आणि ट्रेनिंग धरून माणूस कामाचा व्हायला दोनेक वर्षं जातात, आणि टीम लीडर व्हायला आठ-दहा. म्हणजे २०३५ चा टीम लीडर आज सक्तीच्या सेवेत बराकीत झोपलेला १९-२० वर्षांचा पोरगा आहे. संकट आल्यावर स्पेशल फोर्सेस तयार करता येत नाहीत हे वाक्य या विषयात सगळेच घोकतात, मला ते हे गणित मांडल्यावर खरं कळलं. आणि अनुभव कुठून आणणार हा आणखी एक प्रश्न, कारण आधीच्या लोकांना अफगाणिस्तान मिळालं, मालीत फ्रान्सच्या पुढाकाराने निघालेला टाकुबा टास्क फोर्स मिळाला, तो २०२२ ला गुंडाळला. आता खऱ्या मोहिमेवर जाऊन शिकायची ती वाट बंद.

सगळ्यात जास्त वेळ सिनॅरिओ ठरवण्यात गेला. जून २०२२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान काया कालास जाहीरपणे बोलल्या होत्या की नाटोच्या त्यावेळच्या प्लॅनप्रमाणे देश आधी जाऊ द्यायचा आणि १८० दिवसांनी परत मिळवायचा, तोवर एस्टोनिया नकाशावरून पुसला गेला असेल. त्यानंतर नाटोच्या माद्रिद आणि व्हिल्नियसच्या शिखर परिषदा झाल्या, धोरण बदललं, आता पहिल्या इंचापासून लढायचं. स्पेशल फोर्सेससाठी ही दोन एकदम वेगळी कामं आहेत. पहिल्यात देश शत्रूच्या ताब्यात गेलाय आणि तुम्ही मागे राहून लपून लोकांना संघटित करताय. दुसऱ्यात तुम्ही पुढे जाऊन शत्रूचे पूल, दारूगोळ्याचे साठे, कमांड पोस्ट शोधताय आणि मागच्या तोफखान्याला टार्गेट देताय. एस्टोनियाने २०२२ च्या डिसेंबरात ६ हायमार्स रॉकेट लाँचर ऑर्डर केले, ते २०२५ ला पोचले, योग्य रॉकेट असेल तर ३०० किमीपर्यंत मारा. पण इतक्या लांबचं टार्गेट बघणार कोण? उपग्रह, ड्रोन आहेतच, ते जॅम झाले की माणूस लागतो.

दोन्ही कामं करायला माणसं पुरत नाहीत हे वरच्या हिशोबातच दिसतं. मी दुसरं काम एस्टसॉफला दिलं आणि पहिल्याचा मोठा भाग काइत्सेलीतकडे. काइत्सेलीत म्हणजे त्यांची स्वयंसेवकांची संरक्षण संघटना, शिक्षक, सुतार, आयटीवाले सगळे, साधारण अठरा हजार सभासद आणि कायद्याने संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली सशस्त्र संघटना. हा कायद्याचा मुद्दा महत्त्वाचा, कारण उद्या पकडले गेले तर त्यांना सैनिक म्हणून वागवलं जायला हवं आणि ती तयारी शांततेतच करून ठेवावी लागते. एस्टसॉफचे लोक यांना आधीपासून ट्रेनिंग देतील, एवढाच दुवा ठेवला. ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही, एस्टसॉफचे प्रमुख राहिलेले रिहो युहतेगी २०१९ ला थेट काइत्सेलीतचे प्रमुख झाले, म्हणजे तिकडेही विचार याच दिशेने होता असं मला वाटतं.

इथे एका मित्राने सुचवलं की चॅप्टर गनिमी काव्यापासून सुरू कर, भारी वाटेल. नाही केलं. त्यांचा स्वतःचा इतिहास आहे ना, सोव्हिएत सत्तेविरुद्ध जंगलात राहून लढलेले ‘फॉरेस्ट ब्रदर्स’, त्यांच्यातल्या शेवटच्या काहींपैकी एक ऑगस्ट साब्बे १९७८ मध्ये सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबी पकडायला आल्यावर नदीत मेला. पस्तीसेक वर्षांचा काळ होतो हा. त्यांच्या विषयात त्यांचाच दाखला हवा.

समुद्राचा चॅप्टर सरांनी आग्रहाने घालायला लावला. ऑक्टोबर २०२३ ला समुद्राखालची बाल्टिककनेक्टर गॅस पाईपलाईन तुटली, २०२४ च्या ख्रिसमसला एस्टलिंक २ ही वीजवाहिनी, त्यामुळे विषय गरम होता. माझं मत, हे नौदलाचं काम. २०२३ मध्ये पोलिसांच्या बोटीसुद्धा त्यांनी नौदलात घेतल्या आणि फिनलंड-स्वीडन नाटोत आल्यावर बाल्टिकमध्ये मदतीला जहाजं भरपूर. तो चॅप्टर चार पानांत उरकला. हत्यारांचं तर परिशिष्टच केलं, लोकांना तेच आधी वाचायचं असतं, पण रायफल दोन वर्षांत बदलता येते हो.

व्हायव्हाला बाहेरून एक निवृत्त अधिकारी आले होते. त्यांनी एकच प्रश्न लावून धरला, तुझ्या प्लॅनमध्ये नाही काय ते सांग. मी म्हणाले, स्वतःची हेलिकॉप्टर नाहीत, ती मित्रदेशांकडून. वेगळं मोठं मुख्यालय नाही, बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्सने मिळून सामायिक कमांड उभी केली, ती २०२० च्या शेवटी पूर्ण तयार झाली, तसं काहीतरी शेजाऱ्यांसोबत. आणि ओलीस सोडवणं हे मुख्य काम नाही, ते पोलिसांच्या के-कमांडोचं. यावर ते अडले. म्हणाले, २६/११ विसरलीस का, पोलीस पुरे पडले नाहीत तर? मी म्हटलं सर, एनएसजीला दिल्लीहून मुंबईला यायचं होतं, एस्टोनियात रशियाच्या सीमेवरचं नार्व्हा ते राजधानी टॅलिन दोनशे-सव्वादोनशे किमी, एस्टसॉफ मदतीला जाऊ शकतं, पण त्यासाठी वेगळी टीम राखून ठेवली तर पुढची टेहळणी कोण करणार? शेवटपर्यंत पटलं नाही त्यांना, तोंडावरून दिसत होतं. मार्क तरीही चांगले दिले.

आता सर म्हणतायत यातून पेपर काढ, लिथुआनियाशी तुलना करून. तिकडे स्पेशल फोर्सेस ही आर्मी-नेव्ही-एअर फोर्सच्या बरोबरीची वेगळी शाखाच आहे, आणि लोकसंख्या एस्टोनियाच्या दुप्पट. माझा हिशोब तिथे टिकतो का ते पुढच्या महिन्यात बसून बघायचंय.