ठाणे ते ॲम्स्टेलवीन: दोन पोरं, सहा बॅगा आणि न चालणारा कुकर

नवऱ्याचं नेदरलँड्सचं, ॲम्स्टरडॅमजवळच्या ॲम्स्टेलवीनचं, चौदा महिन्यांचं ऑनसाइट काम फायनल झालं आणि हातात जेमतेम पाच आठवडे होते. मुलगी पाच वर्षांची, मुलगा पावणेदोनचा. आता इकडे येऊन सहा महिने झालेत. माझ्या भावजयीची मैत्रीण पुढच्या महिन्यात निघतेय, तिने लिस्ट मागितली म्हणून लिहायला बसले, पण लिस्टपेक्षा काय काय चुकलं तेच जास्त आठवतंय, तर तेच लिहिते.

पहिली चूक म्हणजे मी चौदा महिन्यांचं सामान भरत होते. गोखले रोडला तीन चकरा मारून दोघांना जाडजूड जॅकेटं घेतली, पुढच्या साइजची पण घेतली, म्हटलं पोरं वाढतीलच. इथे आल्यावर कळलं की थंडीपेक्षा पाऊस आणि वारा जास्त छळतो, आणि ते कापूस भरल्यासारखं जॅकेट एकदा भिजलं की दोन दिवस वाळत नाही. इथली पोरं वॉटरप्रूफ पँट आणि गमबूट घालून पावसात सायकलवर मागे बसून शाळेत जातात, छत्री कोणी उघडत नाही कारण उघडली की उलटी होते. हे सगळं इथल्या हेमा नावाच्या दुकानात मिळतं आणि सेकंडहँड तर भरपूर, क्रिंगलोप म्हणतात त्या दुकानांत मुलांचे कपडे, खेळणी, सायकली, सगळं, आणि मार्क्टप्लाट्स म्हणून साइट आहे तिथेही. त्यामुळे कपडे फक्त पहिल्या दहा दिवसांचे घ्या, एक स्वेटर, एक रेनकोट, बास.

कागदांच्या बाबतीत मात्र उलटं. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यावर पाच दिवसांत तिथल्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेन्तेत, नोंदणीसाठी कळवावं लागतं, त्याशिवाय बीएसएन, म्हणजे तिथला सरकारी ओळख नंबर, मिळत नाही आणि त्या नंबराशिवाय पुढची बहुतेक कामं अडतात. तिथे जन्माचे दाखले अपॉस्टिल केलेले, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का मारलेले, लागतात आणि आमचा लग्नाचा दाखलाही. आता आमचा घोळ ऐका, मुलाचा दाखला बारशाच्या आधीच काढलेला, त्यावर बाळाचं नावच नाही! कपाटात फाइलमध्ये पावणेदोन वर्षं तसाच पडून होता, आम्ही कधी उघडून वाचला नाही. मग आधी नाव चढवा, नवीन दाखला घ्या, त्यावर राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल, असं करत निघायच्या चार दिवस आधी हातात आला. तेव्हा आज घरी गेल्या गेल्या दाखला उघडून बघा, इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्याची तारीखही बघा. लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसकट, सही-शिक्क्यासह घ्या, कारण चार वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथल्या बालआरोग्य केंद्रातून बोलावणं येतं आणि पहिला प्रश्न लसींचाच असतो. ही सगळी फाइल केबिन बॅगेत. चेक-इनमध्ये अजिबात नाही.

खाण्याचं. सासूबाईंनी घरचं तूप किलोभर आणि पेढे काढून ठेवले होते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तूप आणि पेढे त्यातच आले. बाळाची दूध पावडर चालते, बंद डबा हवा आणि दोन किलोपर्यंत. ताजा कढीपत्ताही सर्टिफिकेटशिवाय नाही. आईंना समजावताना नाकी नऊ आले, 'अगं पेढ्याने काय होतंय' हे चारदा ऐकलं. तुपाचं दुःख करू नका, इथलं बिनमिठाचं लोणी इतकं छान आहे की मी आता रविवारी घरीच कढवते, बेरीसकट.

आणि सुकं खोबरं! हे मला खरंच माहीत नव्हतं. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. भावजयीने निघताना प्रेमाने दोन वाट्या बॅगेत सरकवल्या होत्या, मुंबईला चेक-इननंतर आमच्या नावाचा पुकारा झाला आणि मी कडेवर झोपलेलं पोर घेऊन बॅग उघडत उभी. वाट्या तिथेच राहिल्या. पॉवरबँकही चेक-इनमध्ये चालत नाही, तो केबिनमध्येच ठेवा. डाळ, तांदूळ, पोहे, साबुदाणा नेऊ नका, ॲम्स्टेलवीनला आपली इतकी लोकं आहेत की इंडियन दुकानात सगळं मिळतं. मला मिळाले नाहीत ते गोडा मसाला, मेतकूट आणि आमसुलं, म्हणून एवढंच जांभळी नाक्यावरून आणा किंवा घरचं आणा. पहिल्या आठवड्यात पोरं मेतकूट-भातावरच जगली.

आता कुकर. माझा लाडका पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर, आत डबे, डब्यांत मोजे, अशी जागा वाचवून नेला आणि घरात निघाली इंडक्शनची शेगडी. कुकर काही तापेना. तवाही नाही. दोन दिवस एकाच भांड्यात खिचडी. फ्रिजवरचं मॅग्नेट भांड्याच्या बुडाला लावून बघा, चिकटलं तर न्या, नाहीतर इंडक्शनवाला स्टीलचा कुकर घ्या. मिक्सर बिनधास्त न्या, व्होल्टेज तिथेही २३० आहे, फक्त प्लगला ॲडॉप्टर लागतो, आणि तो ठाण्यातूनच घ्या, त्या पहिल्या रात्री दुकान कुठे शोधणार.

विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, पण परतीच्या तारखेपर्यंत ते दोन पूर्ण करणार असेल तर परतीला सीट घ्यावी लागते, तिकीट काढतानाच बघा. फोल्डिंग स्ट्रॉलर शेवटपर्यंत हाताशी ठेवा. उतरताना बाटली तोंडात द्या, कान कमी दुखतात. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, जेनेरिक नावासकट. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे, त्यामुळे आमची दोघं आठवडाभर पहाटे तीनला टुणकन उठून बसायची, तेव्हा खेळणी बॅगेच्या वरच्या थरात हवीत.

सगळ्यात शेवटी मी वजनासाठी काय काढलं माहितीये? आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. दीड किलो. नवऱ्याने गुपचूप ती परत भरली आणि माझे दोन ड्रेस काढून टाकले. पहिल्या रात्री मुलगा परक्या खोलीत दोन तास रडला, गोधडी अंगावर टाकली आणि कोपरा तोंडात घालून झोपला. ड्रेसचं मी अजून बोलून दाखवते ती गोष्ट वेगळी.