आमची वाटचाल : कड वाकडी चालेल, मध्य कच्चा नको

जळगाव भागात उडदाचा पापड घरोघरी होतो. त्यामुळे तो कसा असावा, हे आमच्या गिऱ्हाइकाला आमच्याइतकंच कळतं. अशा ठिकाणी पापडाचा व्यवसाय करायचा तर आधी एक ठरवावं लागतं: कुठला उणेपणा राहू द्यायचा आणि कुठल्याच्या हात धुऊन मागे लागायचं. आमची ती यादी दर हंगामात थोडीफार बदलते.

राहू दिलेल्या गोष्टी आधी. वाकडी कड, जराशी अंडाकृती गोलाई, कुठे मिऱ्याचे दाणे जास्त तर कुठे कमी. हातानं लाटलेल्या पापडात हे असणारच आणि भाजल्यावर त्यानं काही बिघडत नाही. आकाराच्या बाबतीत सरकारही उदार आहे. गोल पापडाला जीएसटी माफ आणि चौकोनी पापडाला लागू, अशी आवई २०२१ मध्ये उठली होती, तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं खुलासा केला की पापड कुठल्याही आकाराचा असो, करमाफच.

खाराच्या बाबतीत मात्र सवलत नाही. १ किलो उडदाच्या पिठाला ३५ ग्रॅम पापडखार, ५० ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम भरड मिरे, १५ ग्रॅम हिंग आणि साधारण ४२० मिली पाणी, हे आमचं सध्याचं माप. खार-मीठ पाण्यात उकळून, निवल्यावर वरचं पाणी घ्यायचं, तळाचा गाळ टाकायचा. खार जास्त झाला तर पापड तळताना लाल पडतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. कमी पडला तर फुलत नाही, दाताखाली कडक लागतो. पंचाईत अशी की पापडखाराचा जोर प्रत्येक पोत्यागणिक वेगळा निघतो. म्हणून नवं पोतं फोडलं की १०० ग्रॅम पिठाचे तीन छोटे घाणे: ३, साडेतीन आणि ४ ग्रॅम खाराचे. तिन्ही तळून शेजारी ठेवले की रंग लगेच सांगतो. पाण्याचं मापही असंच हलतं. नव्या उडदाचं पीठ चिकट असतं, त्याला पाणी कमी लागतं. पाणी वाढलं तर लाटी पोळपाटाला धरते, मग वरून पीठ जास्त लावलं जातं आणि तेच पीठ तळताना जळून तेल काळं करतं.

मळण्यासाठी यंत्र घेतलं, लाटण्यासाठी नाही. पत्रा काढून गोल कापणारं यंत्र पापड सुबक देतं, पण कापून उरलेल्या पट्ट्या पुन्हा गोळ्यात जातात आणि वारंवार दाबलेलं ते पीठ चिवट होतं. मळण्याच्या यंत्रातून निघालेला गोळाही तेलाचा हात लावून कुटावाच लागतो. रंग उजळला आणि ओढल्यावर पीठ तार धरून लांबलं, की कुटणं पुरे. तेल बेतानंच लावायचं, नाहीतर काही आठवड्यांत पापड खवट होतो.

लाटी १६ ग्रॅमची. वाळून ती साडेबारा ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे १६ पापडांचं २०० ग्रॅमचं पाकीट. व्यास १७ सेंटिमीटर. खरी कसोटी जाडीची असते: मध्य जाड आणि कड पातळ राहिली की भाजताना कड करपते, मध्य कच्चा. हे डोळ्यांना वरून दिसत नाही. पापड दिव्यासमोर धरला की जाड भाग गडद दिसतो. लाटणाऱ्या प्रत्येक ताईच्या चवडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधतो, कारण जाडी कुठे राहते हे हातागणिक ठरलेलं असतं. कुणाचा उजवा हात जड, कुणी लाटी फिरवतच नाही. दोष कळला की चार दिवसांत सुधारतो.

मजुरी मात्र लाटलेल्या वजनावर, पास झालेल्या नगांवर नाही. नगांवर दिली की फाटका पापड चवडीच्या मध्ये दडतो, असा या धंद्यातला अनुभव आहे. फाटके पापड उघडपणे वेगळे ठेवले जातात आणि तुकडा म्हणून चिवडेवाल्यांकडे जातात.

वाळवण हे सगळ्यात नाजूक काम. लाटल्यावर लगेच कडक उन्हात घातला की वरचा पापुद्रा आवळतो, कड वळून चिरते आणि आत ओल राहते. आधी सावलीत, वारा लागेल असा. बोटाला चिकटेनासा झाला की चवड रचून वर वजन, म्हणजे ओल सगळीकडे सारखी होते आणि पापड सपाट राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन. पावसाळ्यात जाळीच्या ट्रेमध्ये ४५ ते ५० अंशांची गरम हवा. त्याहून तापवलं तर पापड द्रोणासारखा होतो. भरताना ओलावा १२ ते १५ टक्क्यांत हवा. त्याच्या वर बुरशी, त्याच्या खाली वाटेत चुरा.

वजनाच्या नियमांत २०० ग्रॅमच्या पाकिटाला ९ ग्रॅमपर्यंत चूक क्षम्य आहे, पण सरासरी छापील वजनाच्या खाली जाता कामा नये. पापड पाकिटातही थोडा सुकतो, म्हणून आम्ही २०३ ग्रॅम भरतो. सतरावा पापड टाकावा लागला तरी चालतं.

सध्या मीठ ४२ ग्रॅमवर आणण्याची चाचणी चालू आहे, कारण खारातूनही सोडियम येतंच. तळलेल्या पापडात फरक जाणवत नाही, भाजलेला जरा सपक लागतो. टिकण्याचं काय, ते पावसाळा काढल्याशिवाय कळणार नाही. दर पंधरवड्याला एक पाकीट फोडून पाहतो आहोत. तोवर विक्रीच्या मालात मीठ ५० ग्रॅमच.