क्रूझवरून कोकण दिसत नाही

आदला दिवस, मुंबई

लक्षद्वीपला जाणारी क्रूझची बोट उद्या संध्याकाळी सुटणार, पण चेक-इन त्याच्या बरंच आधी बंद होतं. कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला सोडते, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच. म्हणून रत्नागिरी-कुडाळकडची बरीच जोडपी त्याच दिवशी पोहोचणारी गाडी धरतात. तसं करू नये. कोकण रेल्वेचा मार्ग बराचसा एकेरी आहे, एक क्रॉसिंग फसलं की पुढचं सगळंच फसतं. एक रात्र मुंबईत कुणा नातेवाइकाकडे काढावी. गाडी चुकली तर दुसरी मिळते, बोट चुकली तर पैसे बुडाले.

नुकतंच लग्न झालेल्यांची नेहमीची अडचण नावाची. बुकिंग करताना हौसेने सासरचं नाव टाकलेलं असतं आणि आधारवर अजून माहेरचंच असतं. काउंटरवर तिथेच अडतं, लग्नपत्रिका दाखवून भागत नाही. ओळखपत्रावर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने तिकिटावर हवं. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझचं बुकिंग असेल तर तो सहसा कंपनीच काढते, पण काढते ती आपण फॉर्मवर लिहिलेल्या नावानेच. दिवस गेलेले असतील तर आधी विचारून घ्यावं: बहुतेक क्रूझ कंपन्या 24वा आठवडा लागला की चढू देत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात.

दुपार, बॅलार्ड पिअर

मोठ्या बॅगा धक्क्यावरच द्यायच्या. त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ, कधी रात्र होते. औषधं, ओळखपत्रं, चार्जर आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत हवेत. नाहीतर पहिलं जेवण प्रवासातल्या घामट कपड्यांतच.

तपासणीत काढून घेतात त्या वस्तू: इस्त्री, केटल, मेणबत्ती, उदबत्ती, बाहेरची दारू आणि सर्ज प्रोटेक्टर लावलेलं एक्स्टेन्शन. शेवटच्या वस्तूवरून लोक वाद घालतात, पण कारण खरं आहे. जहाजावरच्या विजेची जोडणी घरासारखी अर्थिंग केलेली नसते, एखाद्या तारेत बिघाड झाला तर असा प्रोटेक्टर तापून पेटू शकतो. साधा यूएसबी चार्जर न्यावा, केबिनमध्ये प्लग एक-दोनच असतात. घरी केलेला खाऊ बहुधा अडवतात, सीलबंद पाकीट चालतं. (कुळथाचं पीठ सीलबंद नेलं तरी पिठी ढवळायला चूल कुठाय, हा प्रश्न उरतोच.)

आता केबिन. दोघांची केबिन म्हणजे साधारण 120 ते 180 चौरस फूट. जोडपी सगळे पैसे खिडकीत किंवा बाल्कनीत घालतात. आमच्या मते पैसे जागेत घालावेत: जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि जमेल तितक्या खालच्या डेकवर. जहाज नाळेकडे (पुढच्या टोकाला) आणि मागे सर्वांत जास्त वरखाली होतं, उंचावर सर्वांत जास्त झुलतं. मधोमध, पाण्याच्या पातळीजवळ दोन्ही कमी. अगदी पुढे केबिन घेतली तर पहाटे नांगराच्या साखळीचा खडखडाट, अगदी मागे घेतली तर जहाज ढकलणाऱ्या पंख्याची (प्रोपेलरची) थरथर. डिस्को, स्वयंपाकघर किंवा पोहण्याच्या तलावाच्या थेट खाली तर मुळीच नको, तलावावरच्या खुर्च्या भल्या पहाटे ओढल्या जातात. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला उत्तम. भिंती बहुधा लोखंडी असतात, चार-सहा चुंबकी हूक नेले तर ओले टॉवेल आणि टोप्या टांगायची सोय होते. संडास व्हॅक्यूमचा असतो. त्यात कागदाखेरीज काही गेलं की फक्त आपला नाही, त्या पाइपावरच्या शेजाऱ्यांचाही तुंबतो.

सुटण्याआधी

भोंगा सात वेळा आखूड, एकदा लांब. हा धोक्याचा इशारा, जगभर एकच. ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळी काय करायचं याचा सराव, सगळ्यांना सक्तीची असते आणि अर्धी बोट ती सेल्फी काढत उरकते. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आदळली, तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. 32 माणसं गेली. त्यानंतर ड्रिल बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम आला. कोकणात वाढलेल्याला खरं तर इटलीचा दाखला लागू नये. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, 600हून अधिक लोक गेले, अनेक घरांत ते अजून सांगतात. दाराच्या आतल्या बाजूला जमण्याच्या जागेचा क्रमांक असतो. तिथवर लिफ्ट न वापरता एकदा दोघांनी चालून यावं. पाच मिनिटांचं काम आहे.

रात्र, डेकवर

दक्षिणेकडे जाताना किनारा डावीकडे, सूर्यास्त उजवीकडे. येताना उलट. बाल्कनी घ्यायचीच असेल तर हे आधी ठरवावं.

पण किनारा दिसेल म्हणून बाल्कनी घेणाऱ्यांनी नकाशा काढून बसावं. मुंबई ते लक्षद्वीप हा रस्ता जवळजवळ सरळ दक्षिणेला, अगत्तीपर्यंत सुमारे 490 सागरी मैल, म्हणजे 900 किलोमीटर. आपला किनारा मात्र खाली जाताना पूर्वेकडे कलत जातो. बोट सरळ जाते आणि कोकण बाजूला सरकतं. रत्नागिरीच्या समोर येईपर्यंत मधलं अंतर साधारण 35 सागरी मैल झालेलं असतं, मालवणसमोर 50च्या आसपास. तेही रात्री: तासाला 18 सागरी मैल वेग धरला तर रत्नागिरीची पातळी मध्यरात्रीच्या सुमारास येते. जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यातलं काहीही दिसत नाही. पाण्यापासून 25 मीटर उंच डेकवर उभं राहिलं तरी क्षितिज जेमतेम 19 किलोमीटरवर असतं.

दिसतं ते पहिल्या दोन-तीन तासांत. बंदरातून बाहेर पडताना प्राँग्जचं दीपगृह (1875 चं), मग डावीकडे खांदेरी. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते, दोन झोतांमधले सेकंद मोजायचे आणि ओळखायचं. मोबाइलचा स्टॉपवॉच पुरतो. डेकवरच्या दिव्यांपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात दहा मिनिटं डोळे सरावू द्यावेत. मधे मधे एकटे पिवळे ठिपके दिसतात त्या मासेमारीच्या बोटी. बोट गोव्यालाही थांबणार असेल तर परतीची रात्र जास्त बरी: मुरगावहून संध्याकाळी निघाल्यावर दोन-एक तासांनी वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह येतं, उत्तरेकडे जाताना उजव्या हाताला.

मोबाइल मात्र बोट सुटताच फ्लाइट मोडवर टाकावा. जमिनीचं नेटवर्क सुटलं की फोन आपणहून जहाजाचं सॅटेलाइट रोमिंग पकडतो, आणि बोटीवर पोहोचल्याचा घरी केलेला एक व्हिडिओ कॉल क्रूझच्या जेवणापेक्षा महाग पडू शकतो.

दुसरा दिवस, नुसता समुद्र

बोट लागते ती कान आणि डोळ्यांच्या भांडणामुळे. आतला कान सांगतो हलतंय, डोळ्यांसमोरची केबिनची भिंत सांगते स्थिर आहे. म्हणून मळमळायला लागल्यावर केबिनमध्ये आडवं पडून फोन बघणं हा सर्वांत वाईट उपाय, आणि नेमका तोच बहुतेक जण करतात. मधल्या डेकवर उघड्यावर यावं, क्षितिजावर नजर ठेवावी. पोट रिकामं ठेवू नये, भरगच्चही नको: कोरडा टोस्ट, उकडलेला बटाटा, आलेपाक. गोळी (अ‍ॅव्होमिनसारखी) डॉक्टरांना विचारून, बोट हलायला लागायच्या आधी तासभर घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहतच नाही. गोळीने झोप येते, तिच्यावर दारू पिऊ नये. एकाला लागली आणि दुसऱ्याला नाही, असं झालं तर दुसऱ्याने बुफेचं वर्णन करू नये.

जहाजाला बाजूंनी पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवी झूल कमी करतात, पण बोट वेगात असेल तरच. पुढे-मागे होणाऱ्या डुलण्यावर त्यांचा फारसा इलाज नाही. म्हणूनच बोट बेटाबाहेर थांबते तेव्हा अचानक जास्त हलायला लागते आणि आदल्या दिवशी धडधाकट असलेले तेव्हा गळपटतात.

महिना कोणता, यावर बरंच अवलंबून. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र सर्वांत शांत. मे मध्ये नैर्ऋत्येची लाट सुरू होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची हवा पावसाने धुतलेली, पण वादळाची शक्यता धरून चालावी: फयान नोव्हेंबर 2009 मधलं, क्यार ऑक्टोबर 2019 मधलं. तेव्हा कंपनी मार्ग बदलते, बेट वगळते, आणि तिकिटाच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. वाचलेलं कुणी नसतं.

हात साबणाने धुवावेत. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर दाराशी ठेवलेलं सॅनिटायझर फारसं चालत नाही.

लक्षद्वीप

मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, खडकांच्या बाहेरच थांबतं. छोट्या बोटीत उतरायचं, आणि दोन्ही आपापल्या तालात वरखाली होत असतात. खलाशी मनगट धरतो, आपणही त्याचं मनगट धरायचं, बोटं नाही. दोन्ही हात मोकळे, पिशवी पाठीला, पायात पट्ट्याची चप्पल. होडी लाटेवर वर येऊन क्षणभर थबकते तेव्हा पाऊल टाकायचं, खाली जात असताना नाही. खलाशी "आता" म्हणेपर्यंत हलायचंच नाही. एकमेकांचा हात धरून जोडीने उतरायची इथे सोय नाही, एका वेळी एकच.

लाट मोठी असेल तर कप्तान उतरणं रद्द करतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. वाळूतलं प्रवाळ उचलून आणणं गुन्हा आहे, परतताना पिशव्या तपासल्या जातात.

परतीची संध्याकाळ

जहाजावर सगळं कार्डावर चालतं, त्यामुळे खर्च कळत नाही. हिशेब शेवटच्या रात्री जेवणाआधी मागवावा. सकाळी काउंटरवर रांग असते आणि मिनीबारमधली न प्यायलेली बाटली वगळून घ्यायला कुणाला वेळ नसतो. माणशी दररोजचं सेवाशुल्क त्यात असतं, ते तिकिटात धरलंय का हे बुकिंगच्याच वेळी विचारावं.

उतरल्यावर दिवसभर, कधी जास्तच, जमीन हलल्यासारखी वाटते. त्याच रात्री गाडी काढून कशेडी-परशुराम घाट करत घर गाठायचा बेत आखू नये. ट्रेनचं आरक्षण करावं, शक्यतो खालच्या बर्थचं.