नक्षीवाली फरशी आणि माझा जीव

आजीच्या घरातली फरशी डोक्यात होती म्हणून हॉलमध्ये सिमेंट टाइल्सच लावल्या. मुंबईत भारत टाइल्सवाले 1922 पासून बनवतायत असल्या. या भट्टीत भाजत नाहीत बरं का, साच्यात रंगीत सिमेंट ओतून प्रेसखाली दाबतात, मग पाण्यात मुरवतात. भाजलेल्या नसतात, म्हणून नंतरही पाणी, तेल सगळं पितात! गवंडीदादांनी सवयीने हातोडा उचलला, मी ओरडलेच, अहो हाताने दाबून बसवा, नाहीतर केसासारख्या चिरा जातील. पण सांधे भरायच्या आधी सीलर, म्हणजे डाग आत मुरू न देणारं द्रव, मारायचं आम्ही विसरलो आणि दोन फरश्यांवर काळपट डाग बसला तो बसलाच. आता पुसायला साधं पाणी, फारतर सौम्य साबण. अ‍ॅसिड लांबच, लिंबू सांडलं तरी मी फडकं घेऊन धावते, नवरा हसतो, हसू दे.