जुन्या पाँटून हाउसबोटीतून पीटरबरो ते बॉबकेजन

टोरंटोहून गाडीनं दीड-दोन तासांवर कवार्थाची तळी लागतात. ही तळी आणि नद्या जोडून केलेली ट्रेंट-सेव्हर्न ही ३८६ किलोमीटरची जलवाट ओंटारिओ सरोवरापासून थेट जॉर्जियन बेपर्यंत जाते. तिचा मधला, आमच्या मते सगळ्यात देखणा तुकडा म्हणजे पीटरबरो ते बॉबकेजन. तीन घरांत मिळून घेतलेली आमची बोट कधीकाळी भाड्यानं फिरणाऱ्या ताफ्यातली, ऐंशीच्या दशकातली. अशी बोट ज्यांच्याकडे आहे किंवा जे घ्यायचं म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

निघण्याआधीच्या तयारीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सहल सुखाची होणार की नाही ते तिथंच ठरतं. पाँटून बोट म्हणजे दोन लांबलचक बंद नळकांडी, त्यांवर डेक आणि डेकवर घर. घराचा रंग, नवे पडदे, चकचकीत ओटा याला भुलू नका. बोट पाण्याबाहेर काढून नळकांडी बघा. पोलादाची असतील तर अल्ट्रासाउंडनं पत्र्याची जाडी मोजून घ्या. जुन्या बोटीला विमा कंपनी तसाही सर्व्हे मागतेच. आत आडव्या भिंती घालून कप्पे केलेले असतात आणि बहुतेक बोटींत प्रत्येक कप्प्याला वरून झाकण असतं. निघायच्या आदल्या दिवशी एकेक झाकण उघडून आत पाणी आहे का ते बघायचं. काल सरळ उभी असलेली बोट आज एका अंगाला कललेली दिसली तर आधी तिथंच शोधा.

दुसरी गोष्ट वजनाची. प्रत्येक मालकानं काही ना काही वर चढवलेलं असतं: जाड डेक, दुसरा फ्रिज, घसरगुंडी. काढून कोणीच टाकत नाही. त्यात आपण तीन कुटुंबांचं सामान, भरलेली पाण्याची टाकी आणि दहा किलो तांदूळ घेऊन चढतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे लक्षात ठेवून सामान दोन्ही बाजूंना आणि पुढे-मागे वाटून ठेवा. नळकांडी अर्ध्याहून फार खाली बुडत असतील तर काहीतरी किनाऱ्यावर ठेवा. आम्ही कुकर ठेवला नाही, घसरगुंडी ठेवली.

गंज रोखायला पाण्याखाली जो बलिदानी धातूचा तुकडा लावतात, तो गोड्या पाण्यात जस्ताचा चालत नाही. त्यावर पापुद्रा धरतो आणि तो काम करेनासा होतो. इथं मॅग्नेशियमचा लागतो. धक्क्यावरची वीज जोडत असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (वीजजोडणीच्या तारेतून येणारा, धातू झिजवणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण) बसवा, नाहीतर शेजारच्या बोटीपायी तुमचा धातू झिजतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: इंजिनाची बोट चालवणाऱ्याकडे ऑपरेटर कार्ड हवं, माणशी एक लाइफ जॅकेट हवं, लॉकचा (लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारं, दारं असलेलं कुंड) आणि रात्री बोट बांधण्याचा पास पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेकडून घ्यायचा. हंगाम साधारण मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

पीटरबरोच्या लिटिल लेकमधून निघालं की ॲशबर्नहॅमचं लॉक आणि लगेच पुढे लिफ्ट लॉक. १९०४ साली सुरू झालेल्या या यंत्रात पाण्यानं भरलेल्या दोन प्रचंड टाक्या आहेत. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. वरच्या टाकीत साधारण फूटभर जास्त पाणी घेतात आणि त्या वजनानंच खालची टाकी, बोटींसकट, ६५ फूट उचलली जाते. हे सगळं एका मिनिटात सांगून होतं, पण वर पोचल्यावर खाली बघताना बरोबरचे सगळे गप्प झाले होते. इथं बोट कठड्याला बांधायची, पाण्याची पातळी टाकीत बदलत नाही.

साध्या लॉकमध्ये मात्र भिंतीला उभ्या तारा असतात. तारेभोवती दोर नुसता फिरवून हातात धरायचा, बांधायचा नाही. पाणी चढेल तसा दोर ओढत राहायचा. तारा बुळबुळीत असतात, हातमोजे घ्या. एक माणूस पुढे, एक मागे, आणि ओरडाआरडा कमी. लॉकमध्ये इंजिन आणि गॅस दोन्ही बंद ठेवायचे असतात, म्हणून चहा आधीच उरकून घ्या. लॉकसाठी थांबायचं असेल तर धक्क्यावरच्या निळ्या पट्ट्याशी बोट लावायची, कर्मचाऱ्यांना तेवढी खूण पुरते.

लेकफिल्डपर्यंत लॉकांची रांगच आहे. कालव्यात ताशी १० किलोमीटरची मर्यादा आहे, ती आमच्या बोटीला गैरसोयीची वाटली नाही. यंग्ज पॉइंटनंतर क्लिअर लेक आणि स्टोनी लेक. स्टोनीमध्ये ग्रॅनाइटची बेटं आणि पाण्याखाली खडक, त्यामुळे खुणेचे तरंगते बोये सोडून एक हातही इकडेतिकडे जाऊ नका. वर, म्हणजे बॉबकेजनच्या दिशेनं, जाताना लाल बोया उजव्या हाताला. (पुढे कर्कफिल्डला लिफ्ट लॉक ओलांडलं की हे उलटं होतं. तिकडे जाणाऱ्यांनी हे कागदावर लिहून सुकाणूपाशी चिकटवावं.) हेल्स गेटची अरुंद वाट शनिवारी दुपारी टाळाच.

मुक्कामाला लव्हसिकचं लॉक गाठा. तिथं रस्ता जात नाही, फक्त पाण्यातून पोचता येतं. आम्हाला अख्ख्या वाटेत आवडलेली जागा हीच.

बकहॉर्नच्या पुढे वारा आणि पाणवनस्पती. उंच, सपाट भिंतींची बोट वाऱ्यात शिडासारखी वागते आणि लाटा दोन नळकांड्यांच्या मधून डेकला खालून धडका देतात. पिजन लेक सकाळी लवकर ओलांडा. आमच्यातले दापोलीचे काका म्हणाले, “वारा पडेस्तोवर थांबूया की, कुणाला ट्रेन पकडायचीय?” त्यांचं ऐकलं आणि बरं झालं. मोटरच्या मागून येणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली की शेवाळ अडकलंय असं समजा. न्यूट्रल करून जरा रिव्हर्स दिला की बरंचसं सुटतं. सुटलं नाही तर बंद करून हातानं काढा, तापलेलं इंजिन रेटू नका.

मुलं बरोबर असतील तर हे कडक पाळा: जनरेटर किंवा इंजिन चालू असताना मागच्या शिडीवर आणि त्याखाली कोणीही पोहायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो मागच्या फळीखाली साठतो. अमेरिकेत लेक पॉवेलवर २००० साली दोन भाऊ हाउसबोटीच्या मागे पोहताना याच वायूनं गेले. झोपण्याच्या प्रत्येक खोलीत अलार्म लावा, त्याची तारीख संपलेली नाही ना ते बघा. प्रोपेन मात्र हवेपेक्षा जड, तो खालच्या कप्प्यांत बसतो, म्हणून सिलिंडर उघड्यावरच.

बॉबकेजनला या जलवाटेवरचं पहिलं लॉक १८३३ साली झालं. आता गर्दी होते ती १९३७ पासून चालणाऱ्या कवार्था डेअरीच्या आइस्क्रीमला. रांग लांब असते, लावा. शौचालयाची टाकी तळ्यात सोडणं बेकायदा आहे, ती मरीनामध्ये, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, पंपानं रिकामी करून घ्यायची. ती अर्धी भरली की लगेच विचारपूस सुरू करा.

परतल्यावर बोट बाहेर काढायची क्रेन सप्टेंबर उजाडण्याआधीच ठरवून टाका, आणि तिची रुंदी तुमच्या बोटीला पुरते का ते विचारा. नळांतलं पाणी काढून न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, कप्पे पुन्हा उघडून कोरडे करायचे. आत उरलेलं पाणी जानेवारीत गोठून जोड फोडतं.