पाणी यायलंय, मग डोळा कोरडा कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निपाणीत डोळे तपासायच्या खुर्चीशेजारी उभा असतो मी, आणि आठवड्यातनं चारदा तरी हे ऐकतो: "आवो, डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायलंय आणि तुम्ही कोरडा म्हणताय?" विचारणाऱ्या बहुतेक विड्या वळणाऱ्या, नाहीतर तंबाखूच्या वखारीतल्या बायका. पूर्वी मी "हवा कोरडी आहे, मावशी" म्हणून सुटायचो. ती नुसती पळवाट.

अळूच्या पानावर पाणी ओता. पान भिजत नाही, थेंब घरंगळून जातात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचंही तसंच झालं असतं. तिथं पाणी टिकून राहतं ते म्युसिनमुळं. म्युसिन म्हणजे प्रथिनाचा लांब दोरा आणि त्याला चहूबाजूंनी लटकलेल्या साखरेच्या साखळ्या, बाटली घासायच्या ब्रशासारख्या. या साखळ्या पाणी धरून ठेवतात. नदीतला मासा हातातनं निसटतो, तोही असल्याच बुळबुळीनं.

यातली एक जात पेशींनाच रोवलेली असते, रोपासारखी: म्यूक-१, म्यूक-४, म्यूक-१६. ती पाणी तर धरतेच, वर जंतूंना आणि नको त्या पदार्थांना पेशीपर्यंत पोचू देत नाही. रोझ बेंगाल नावाचा गुलाबी रंग डोळ्यात घातला, तर हे कुंपण शाबूत असेल तिथं तो चढत नाही; विरलं असेल तिथं ठिपके उमटतात. दुसरी जात मोकळी, म्यूक-५-एसी. पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातल्या गॉब्लेट पेशी ती सोडतात. धूळ, तंबाखूची पूड, सगळं ती गुंडाळते आणि पापणीच्या प्रत्येक मिटण्यासरशी नाकाकडच्या कोपऱ्यात सारते. सकाळी बोटानं काढता ते चिपड बरंचसं त्याचंच.

हे अस्तर विरलं की पाण्याचा थर जागोजागी फाटतो. उघडी पडलेली जागा चुरचुरते, मज्जातंतू बोंब मारतात, वरची अश्रुग्रंथी पूर सोडते. पण पूर टिकून राहणार कशावर? गालावर येतो. म्हणून पाणीही येतं आणि डोळाही कोरडाच.

आम्ही पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात सेकंद मोजतो. पापणी उघडल्यावर थर दहा सेकंद तरी टिकावा. परवाच्या मावशींचा चौथ्यालाच फुटला.

जीवनसत्त्व अ कमी पडलं तरी गॉब्लेट पेशी घटतात. आणि औषधाच्या दुकानातनं कुणालाही न विचारता थेंब आणून वर्षभर घालणाऱ्यांचा मला खरंच राग येतो: कित्येक बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणाचं रसायन असतं, आणि रोजच्या वापरानं तेच या पेशींना मारतं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझा डोळा अळूचं पान झालाय म्हणा की."

"थोडासा."

सवयीनं पदराचं टोक डोळ्याकडं गेलं. मग त्यांनीच ते नाकाशी धरून हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडं कापूस मागितला.